'रहबर' आणि गीतमाला

हिंदी आणि उर्दू यांच्यातील वाद जितका शब्दांचा आहे, त्याहून अधिक तो लिपीचा आहे. आणि म्हणूनच, ज्या साधनाला लिपीची गरजच नाही त्या नभोवाणीमुळे या दोन भाषांचे समाज पुन्हा एका भाषेत एकत्र येतील, अशी आशा १९४० च्या सुमारास अनेक विचारवंतांना वाटत होती. त्या काळी दिल्लीच्या नभोवाणीचे सूत्रधार असलेले, उर्दू वाङ्मयात 'पतरस' या नावाने ख्यातनाम असलेले अहमद शाह बुखारी यांनी दोघांनाही सामायिक अशा 'हिंदुस्तानी' भाषेतील बातमीपत्रासाठी शब्दकोश सिद्ध करण्याची तजवीज केली, आणि ते काम हिंदीचे अज्ञेय व उर्दूचे चिराग हसन हसरत या दोघांवर सोपविले. योजना उदात्त होती, परंतु हिंदी साहित्य संमेलनाने उर्दूच्या पक्षपाताचा आरोप ठेवून बहिष्कार पुकारला आणि अखेर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हिंदीचे व उर्दूचे बातमीपत्र विभक्त झाले. भाषा सरकारी हुकमाने घडत नाही, हेच यात सिद्ध झाले असे मला वाटते.

याच सुमारास मुंबईत कुलसुम सायानी या प्रौढशिक्षणाला वाहून घेतलेल्या विदुषींनी, महात्माजींच्या प्रेरणेने, 'रहबर' नावाचे पाक्षिक चालविले होते. नुकत्याच साक्षर झालेल्या माणसाला कळेल अशा सोप्या हिंदुस्तानीतला मजकूर त्यात देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत छापला जाई. जो शब्द या नवसाक्षराला अडेल तो कितीही भारदस्त असला तरी कामाचा नाही, ही त्या पाक्षिकाची शिस्त. आणि त्याच्या कामात आईला हातभार लावणारा मुलगा अमीन याच शिस्तीत वाढला.

पुढे १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या शुद्ध कळकळीने चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथून, याच अमीनच्या आवाजात, चित्रपटगीतांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला कार्यक्रम विमानाने कोलंबोस जाई, आणि तेथील लघुलहरींवरून दर बुधवारी रात्री आठ वाजता 'बहनो और भाइयो' ही साद ऐकू येई. ती ऐकणाऱ्यांत लखनौ, पाटणा, मुंबईबरोबर सीमेपलीकडील घरेही होती, आणि ज्या गीतांसाठी ही माणसे कान देत ती गीते लिहिणाऱ्यांत उर्दूचे साहिर व मजरूह आणि हिंदीचे शैलेंद्र हे सारख्याच मानाने बसलेले होते. आपण ऐकतो ती हिंदी की उर्दू, हे त्या वेळी कोणी विचारीत नसे.

या यशाचे श्रेय लोक अमीन सायानींच्या आवाजाला देतात, आणि ते खोटे नाही. परंतु त्या आवाजाला भाषा दिली ती १९६० पर्यंत चाललेल्या, आज जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या त्या लहानशा पाक्षिकाने. हिंदी-उर्दू ऐक्याच्या इतिहासात कुलसुमबाईंचे नाव मुलाच्या नावाआधी लिहिले पाहिजे.