छोट्या व्यवसायासाठी वेबसाइट: नाव कोणाच्या मालकीचे?

आपण मुद्रा कर्जातून शिलाईकाम सुरू केले असेल, बचत गटातर्फे पापड-मसाले विकत असाल किंवा पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी झालेले कारागीर असाल, तर ‘वेबसाइट करून देतो’ असे फोन आपल्याला आले असतील. मुद्रा कर्जासाठी किंवा उद्यम नोंदणीसाठी वेबसाइट असणे ही अट नाही. तसे सांगून कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. उद्यम नोंदणीही पूर्णपणे मोफत आहे.

वेबसाइट खरोखर हवी आहे का?

ग्राहक गावातले किंवा आसपासचे असतील, तर गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेस एवढ्यावर काम भागते. दोन्ही मोफत आहेत. बाहेरगावचे ग्राहक किंवा घाऊक खरेदीदार विचारणा करू लागले, की वेबसाइटचा खर्च करण्यात अर्थ आहे.

आपण नेमके कशाचे पैसे देता?

वेबसाइट ही एक वस्तू नसून तीन वस्तू आहेत. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा आणि पाने म्हणजे त्या गाळ्यात मांडलेला माल. पाने तयार करण्याचा खर्च बहुधा एकदाच येतो. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे मात्र मुदत संपली की पुन्हा भरावे लागतात. म्हणून दर विचारताना ‘पहिल्या वर्षी किती’ यासोबत ‘दुसऱ्या वर्षी किती’ हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

डोमेन आपल्याच नावावर घ्या

गाळा बदलता येतो, पाने पुन्हा करता येतात. पत्ता मात्र पाकिटांवर, बिलांवर आणि ग्राहकांच्या फोनमध्ये पोहोचलेला असतो. पुष्कळदा वेबसाइट करणारी व्यक्ती सोयीसाठी डोमेन स्वतःच्या ईमेलवरून घेते. पुढे तिने फोन उचलणे बंद केले किंवा जास्त पैसे मागितले, तर नोंदीप्रमाणे नाव तिचे असते, आपले नसते. हे टाळायचे असेल तर खाते आपल्या ईमेल व मोबाइलवर उघडा, पैसे स्वतः भरा, पावती व पासवर्ड जपून ठेवा. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी हरकत नाही. ओटीपी मात्र आपल्याच फोनवर आला पाहिजे. बचत गट असल्यास गटाच्या नावाने वेगळा ईमेल उघडा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी अडचण येत नाही.

नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत चुकली आणि सवलतीचा काळही संपला, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

भारतातील ‘डॉट इन’ डोमेनची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. विक्री अधिकृत रजिस्ट्रारमार्फत होते. ‘डॉट भारत’ वापरून पत्ता देवनागरीतही घेता येतो. तो वाचायला आपलासा वाटतो, पण काही जुनी ॲप्स व अर्ज तो स्वीकारत नाहीत. त्यामुळे सोबत ‘डॉट इन’ही असू द्या. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी संकेतस्थळांना मिळतो. तो मिळवून देतो म्हणणारा फसवत आहे.

पानांवर काय असावे?

व्यवसायाचे नाव, मालाचे स्वतः काढलेले फोटो, दर, पत्ता, फोन आणि माल परत घेण्याचा नियम. खाद्यपदार्थ असल्यास एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक. ग्राहक ज्या भाषेत बोलतात ती भाषा वापरा. इंदूर किंवा बडोद्यात मराठीसोबत हिंदी किंवा गुजराती लागेलच.

विक्री सुरू करण्यापूर्वी

दुसऱ्या राज्यात माल विकायचा असल्यास उलाढाल कमी असूनही जीएसटी नोंदणी लागू शकते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे, म्हणून कर सल्लागाराला आधी विचारा. यूपीआयने पैसे स्वीकारताना पिन टाकावा लागत नाही. ‘ऑर्डरचे पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हटल्यास फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.