पँगाँगकाठच्या तंबूचं कूळ

लडाखात पँगाँग सरोवराच्या काठी, समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरहून अधिक उंचीवर, स्पांगमिक नावाचं छोटं गाव आहे. मे ते सप्टेंबर या काळात तिथे घरांपेक्षा तंबूच जास्त दिसतात. पांढऱ्या किंवा मातकट कापडाचे, समोर कापडाचीच पडवी, आत जोडपलंग, जाड दुलया, खाली गालिचा. मागच्या पडद्याची चेन उघडली की न्हाणी, आणि तिच्यात कमोड, बेसिन, आरसा. रात्री जनरेटर बंद होईपर्यंत दिवे. या राहण्याला हल्ली ग्लॅम्पिंग म्हणतात. हा शब्द ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांत २००५ च्या सुमारास दिसू लागला आणि २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला.

जाहिरातींत अशा तंबूची सोयरीक नेहमी चांगथांगच्या भटक्यांशी लावलेली असते. चांगपा लोकांसारखं आभाळाखाली राहा, वगैरे. ही वंशावळ बनावट आहे. पँगाँगच्या काठावरचा हा तंबू लडाखी नाहीच. तो खालून, मैदानातून आलेला पाहुणा आहे, आणि त्याचं खरं कूळ शोधायचं तर आधी त्या भूमीचा स्वतःचा तंबू पाहायला हवा.

त्याला रेबो म्हणतात. लडाखचा चांगथांग म्हणजे तिबेटच्या महापठाराचा लडाखात शिरलेला पश्चिमेकडचा भाग. पाऊस जेमतेम, झाड औषधालाही नाही, पश्मिन्याच्या बकऱ्या, मेंढ्या आणि याक हीच संपत्ती. रेबो याकच्या केसांचा. केस कातून त्याच्या अरुंद पट्ट्या विणायच्या, त्या कडेला कड लावून शिवायच्या आणि दोन मोठी अर्धुकं तयार करायची. हलताना एकेक अर्धुक गुंडाळून जनावराच्या पाठीवर चढतं. चांगथांगातल्या रुपशू भागाच्या चांगपांमध्ये बायका आणि पुरुष दोघंही विणतात, पण माग वेगळे आणि माल वेगळा. मेंढीच्या लोकरीचं मऊ काम बायका कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर करतात, तर याक आणि बकरीच्या राठ केसांचं काम पुरुषांकडे. खोगिराच्या पिशव्या आणि तंबूच्या पट्ट्या त्यात येतात.

रेबो काळा आणि बुटका असतो. बाहेरच्या बाजूने लांब दोर ताणून त्याला चारी दिशांनी धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे दुपारनंतर सुटणाऱ्या वाऱ्याला त्याची फारशी पकड मिळत नाही. मध्यभागी चूल आणि तिच्या बरोबर वर, दोन अर्धुकांच्या मधे, धूर जायला फट. सरपण म्हणजे याकचं वाळलेलं शेण आणि बुर्त्से नावाचं खुरटं झुडूप. विणीतून दिवसा उजेड झिरपतो. बर्फ वा पाऊस पडला तर केस फुगून वीण मिटते. सगळी रचना एका चुलीभोवती आहे. चूल काढली तर रेबोला काही अर्थच उरत नाही. तो मालकाबरोबर हलतो, मालक आपल्या कळपाबरोबर, आणि कळप गवताबरोबर. तंबू पुढे आणि माणूस मागे असं इथे कधी होत नाही.

माणसाच्या पुढे जाणं हेच तर मैदानातल्या राजेशाही तंबूचं वैशिष्ट्य होतं. युरोपातले लेखक ग्लॅम्पिंगची वंशावळ १५२० सालच्या एका शाही भेटीपर्यंत नेतात. इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस तेव्हा जरीच्या तंबूंत भेटले होते. नेऊ देत. आपल्याकडच्या शाखेचा मूळपुरुष अधिक ठाशीव आहे, आणि त्याचा हिशेबसुद्धा लिहून ठेवलेला आहे. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या छावणीचं सामान मोजून दिलंय: वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, १०० भोई, तंबू ठोकायला १००० फरास, शिवाय भिस्ती, सुतार, चांभार, मशालजी आणि १५० झाडूवाले. दुमजली लाकडी महाल, कनातींची तटबंदी, शामियाने, सगळं घडीचं. आणि या साऱ्याचे दोन संच. बादशहा एका मुक्कामी झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा होत असे. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरला निघाला तेव्हा बर्नियर हा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्यात होता. त्याने पेशखान्याचे साठाहून अधिक हत्ती आणि दोनशे उंट नोंदवले आहेत. पाहुणा पोचण्याआधी बिछाना घातलेला असणं, ही ग्लॅम्पिंगची खरी व्याख्या. ती सतराव्या शतकापर्यंत पूर्ण झालेली होती.

मराठ्यांनी हा थाट उचलला, थोडा उशिरा पण हौसेने. पुण्यात पेशव्यांचे तंबू, कनाती आणि जाजमं ज्या कोठारात ठेवत तो फरासखाना. आज त्या नावाने पोलीस ठाणं ओळखलं जातं. दौलतराव शिंद्यांचा दरबार तर वर्षानुवर्षं छावणीतच असे. ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली त्या छावणीत होता. त्याची पत्रं वाचली तर बाजार, सावकार, नाच, सण आणि राजकारण हे सगळं कापडाखाली चाललेलं दिसतं.

मुघलांचा थाट कंपनी सरकारने आपल्या मापाने कापून घेतला. हिवाळ्यात जिल्ह्याचा दौरा करणाऱ्या कलेक्टरकडे तंबूंचे दोन संच असत, एक पुढे, एक अंगावर. पेशखाना म्हणा की. याच काळात आपल्या आजच्या तंबूचा सख्खा आजोबा घडला. त्याचं नाव स्विस कॉटेज तंबू. स्वित्झर्लंडशी त्याचा संबंध नावापुरताच. उंच मधला खांब, समोर पडवी, मागे न्हाणीची छोटी खोली, आणि वर एकावर एक दोन छतं. न्हाणीत पत्र्याचा टब असे, तो भिस्ती मशकीने भरी, आणि लाकडी खोक्यातलं शौचपात्र मेहतर उचलून नेई. ‘अटॅच्ड बाथ’ची सुरुवात इथली आहे. त्या न्हाणीमागे नळ नव्हता, दोन माणसं होती. कानपुरात एल्गिन आणि म्यूर या कापडगिरण्या निघाल्या आणि असे तंबू घाऊक बनू लागले.

आता त्या दोन छतांकडे जरा थांबून पाहू. वरचं छत ऊन अंगावर घेतं, दोन्हींच्या मधल्या पोकळीतून तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, आतलं छत थंड राहतं. उत्तर हिंदुस्थानच्या उन्हावर शोधलेला हा फार हुशार उपाय आहे. उंची भरपूर, भिंती उभ्या, हवा खेळती. उन्हाळ्याच्या रात्रीही जिथे पारा शून्याजवळ उतरतो तिथे हाच तंबू नेऊन ठेवला की त्याचा प्रत्येक गुण दोष होऊन बसतो. उभ्या भिंतींवर वारा थडाथड आपटतो, उंच छताखाली ऊब टिकत नाही, आणि कापडाला धग लागेल म्हणून आत चूल पेटवता येत नाही. मग गरम पाण्याच्या पिशव्या, जनरेटर असेतो विजेचं पांघरूण, आणि पहाटे टोपी घालून दुलईत जागं राहणं. या तंबूत ज्यांना थंडी वाजते त्यांनी आपल्या प्रकृतीला बोल लावू नये. घर उन्हाळ्यासाठी बांधलेलं आहे.

तो इतक्या वर आला कसा? शिकारी आणि प्रवाशांच्या मागोमाग. एकोणिसाव्या शतकात काश्मीरमार्गे लडाखात जाणाऱ्या गोऱ्यांचा ओघ वाढला. गॉडविन-ऑस्टिन १८६३ मध्ये सर्वेक्षणासाठी पँगाँगला गेला. १८८९ मध्ये इझाबेला बर्ड ही प्रवासी लेखिका आली. साठीकडे झुकलेली, नुकतीच विधवा झालेली. तिने आपलं सामान मोजून लिहून ठेवलंय: खांब-खुंट्यांसकट ७५ पौंडांचा, म्हणजे ३४ किलोंचा काबुली तंबू, घडीची खाट, बुचाची गादी, घडीचं टेबल-खुर्ची, खाली अंथरायला सतरंजी. नोकरांचा तंबू १० पौंडांचा. परतताना ती रुपशूवरून गेली आणि चांगपांच्या काळ्या वस्तीजवळ तिचा मुक्काम पडला. दोन्ही कुळं अशी समोरासमोर आली, आणि कोणाचंच कोणाकडे काही देणंघेणं झालं नाही. १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या मोहिमेत हचिन्सन याच भागातल्या सरोवरांचं पाणी आणि जीव तपासून गेला. सरोवरशास्त्रात पुढे त्याचं मोठं नाव झालं. तोही तंबूतच राहिला असणार, दुसरं होतं काय?

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने हे सगळं थांबलं. तिबेटची सीमा बंद झाली, चांगपांची पलीकडची कुरणं आणि मीठ-लोकरीचा व्यापार तुटला, आणि सरोवरांच्या काठी राहिले ते लष्करी तंबू. लडाख पर्यटकांना खुला झाला १९७४ मध्ये. त्या वर्षी आले ५२७ जण. पँगाँग, त्सो मोरिरी सरोवर आणि नुब्रा खोरं मात्र १९९४ पर्यंत बंदच होते. परवान्याने उघडल्यावरही बराच काळ पँगाँग ही लेहहून पहाटे निघून संध्याकाळी परतायची सहल होती. मग २५ डिसेंबर २००९ ला ‘३ इडियट्स’ लागला. शेवटच्या प्रसंगात निळं पाणी, लाल पोशाख, पिवळी स्कूटर. पुढचं सांगायला नको. काठावर आजही फोटोसाठी पिवळ्या स्कूटर उभ्या असतात आणि भोजनाच्या तंबूत सकाळी पोह्यांची चौकशी मराठीतून होते. २०२२ मध्ये लडाखला पाच लाखांहून जास्त पर्यटक आले.

एवढ्यांना झोपवायचं कुठे? राजस्थानातल्या पुष्करच्या जत्रेत आणि जैसलमेरच्या वाळूत विलायती पाहुण्यांसाठी स्विस कॉटेजची नवी पिढी आधीच तयार होती: लोखंडी सांगाडा, छापील अस्तर, कमोड. तीच ट्रकवर चढून जोजिला आणि रोहतांग या खिंडींवरून वर आली. ठिकसे गावाजवळ २०१३ पासून अत्यंत महागडा हंगामी तळही पडू लागला. अलीकडे पारदर्शक खिडक्यांचे घुमट आलेत. बकमिन्स्टर फुलरने १९५४ मध्ये ज्या त्रिकोणी सांगाड्याचं पेटंट घेतलं, त्याचेच हे वंशज. वाऱ्यापुरते तरी ते बरे, कारण बुटके आणि गोल असतात. रेबोचा निम्मा धडा त्यांनी नकळत गिरवलाय.

इथवर थाटाची गोष्ट झाली. बिघडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पेशखाना उठला की मागे राख आणि लीद उरायची, आणि पुढच्या वर्षी तळ दुसरीकडे. आताचे तंबू हलत नाहीत. सिमेंटच्या ओट्यावर ते पाच महिने एकाच जागी असतात, हिवाळ्यात कापड उतरतं पण ओटा आणि खड्डा तिथेच राहतो. भिस्ती आणि मेहतर गेले हे चांगलंच झालं; त्यांच्या जागी आले टँकर, पाइप आणि शोषखड्डा. पँगाँगला बाहेर जाणारा प्रवाह नाही. कधीकाळी त्याचं पाणी तांगत्सेमार्गे श्योक नदीला मिळत होतं, ती वाट बंद पडली आणि पाणी खारट होत गेलं. त्सो मोरिरीचीही तीच कथा. अशा सरोवरात जे उतरतं ते बाहेर पडत नाही; वाफ होते ती फक्त पाण्याची. वर हा सगळा प्रदेश चांगथांग वन्यजीव अभयारण्याचा. काळ्या मानेचे करकोचे आणि पट्टकादंब इथल्या पाणथळीत अंडी घालतात, तेही ऐन पर्यटनाच्या हंगामात. त्सो मोरिरी २००२ पासून आणि त्सो कार सरोवर २०२० पासून पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. यादीत नाव आल्याने शोषखड्ड्याला तळ फुटत नाही.

लडाखी माणसाने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी शोधलेलं होतं: कोरडा संडास. वरच्या खोलीत जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग, खाली कोठी. वर्षभराने खत शेतात. पाणी लागत नाही, त्यामुळे गोठण्याचाही प्रश्न नाही. रेबो मात्र मागे पडलाय. चांगपांपैकी कित्येक कुटुंबं आता कळप विकून लेहजवळ स्थायिक झाली आहेत. चांगथांगातल्या खर्नाकचे लोक ज्या वस्तीत उतरले तिचं नावच खर्नाकलिंग पडलंय. काळा रेबो वापरात क्वचित दिसतो, त्याची जागा कॅनव्हासच्या हलक्या तंबूने घेतली. पर्यटक ज्या भटक्यांसारखं राहायला येतो, त्यांनीच तो तंबू सोडलाय.

ग्लॅम्पिंगला माझा सरसकट विरोध नाही. त्या थाटात गंमत आहे, आणि गावातल्या पोरांना त्यातून हंगामभर कामही मिळतं. पण पँगाँगला निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी जरूर विचारा: तळ गावातल्या कोणाचा आहे, आणि न्हाणीचं पाणी कुठे जातं. दुसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस अडखळला तर फोन ठेवा. स्पांगमिक, मान आणि मेरक या पँगाँगकाठच्या गावांत, आणि त्सो मोरिरीला कोरझोकमध्ये, लोकांच्या घरी खोली मिळते. तिला जाड मातीच्या भिंती असतात, बैठकीत बुखारी म्हणजे शेगडी पेटलेली असते, आणि संडास बहुतेक कोरडाच असतो.