पेयरोनेचा पिवळा क्षार

धातू आणि देह यांचा संबंध आपल्या लोकांस नवा नाही. सुवर्णभस्म, लोहभस्म ही नावे वैद्याच्या पेटीतून घरोघरी पोहोचलेली आहेत. परंतु मनुष्याने घडविलेला धातूचा एक रेणू पेशीच्या गाभाऱ्यात शिरतो आणि तेथील आनुवंशिक सूत्रासच वाकवितो, ही हकीकत निराळी आहे. ती आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

१८४४ साली मिकेले पेयरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनम, अमोनिया व क्लोरीन यांचा एक पिवळा क्षार सिद्ध केला. पुढे १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी त्याची घडण उकलली. प्लॅटिनमभोवती चार घटक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर बसतात. पेयरोनेच्या क्षारात क्लोरीनचे दोन्ही अणू शेजारी असतात. त्याच्या जुळ्या भावात ते समोरासमोर असतात. एवढ्या भेदाने कोणाचे प्राण वाचतील, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. विभागणाऱ्या पेशीचे चित्र त्यांस चुंबकाभोवती रचल्या जाणाऱ्या लोहकिसासारखे भासले. म्हणून त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून ई. कोलाय जंतूंच्या द्रवात वीज सोडून पाहिली. जंतूंचे विभाजन थांबले, पण वाढ थांबली नाही. ते नेहमीच्या ३०० पटींपर्यंत लांब तंतू झाले! हा प्रताप विजेचा नव्हता. अविकारी समजल्या जाणाऱ्या पट्ट्यांतून किंचित प्लॅटिनम विरघळून अमोनियायुक्त संयुगे बनली होती. १९६५ साली हे प्रसिद्ध झाले. १९६९ मध्ये पेयरोनेच्या क्षाराने उंदरांच्या गाठी विरल्याचे दिसले. जुळा भाऊ मात्र निरुपयोगी ठरला.

याचे कारण घडणीतच आहे. रक्तात क्लोराइड विपुल असते, म्हणून तेथे रेणू अभंग राहतो. पेशीत ते कमी असल्यामुळे क्लोरीनचे अणू सुटतात, पाणी त्यांची जागा घेते आणि मोकळा झालेला प्लॅटिनम डीएनएतील शेजारच्या दोन ग्वानिनांस एकत्र जखडतो. समोरासमोरच्या मांडणीस ही शेजारची पकड साधत नाही. जखडलेल्या ठिकाणी डीएनएचा पीळ सैल होऊन तो वाकतो. १९९५ साली स्टीफन लिपर्ड व सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी हे वाकणे सुमारे ३५ ते ४० अंशांचे असल्याचे दाखविले. अशा सूत्राची नक्कल नीट होत नाही, आणि दुरुस्ती न साधल्यास पेशी मरते.

१९७४ पासून लॉरेन्स आइनहॉर्न यांनी हे औषध अन्य दोन औषधांसह वृषणाच्या कर्करोगावर योजिले. १९७८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पूर्वी रोग अन्यत्र पसरला म्हणजे बहुतेक तरुण दगावत. आज त्यांतील बहुसंख्य बरे होतात. या लाभाचे मोलही द्यावे लागते. मूत्रपिंडास व श्रवणास इजा पोहोचते. म्हणून रुग्णास शिरेतून भरपूर द्रव द्यावा लागतो.

आम्हांस या इतिहासात एक गोष्ट मोलाची वाटते. क्षार १२१ वर्षे उपलब्ध होता, त्याची घडणही ज्ञात होती. उणीव होती ती फसलेल्या प्रयोगाकडे निमूटपणे पुन्हा पाहणाऱ्या दृष्टीची. अपेक्षेविरुद्ध आलेले फळ टाकून देण्यापूर्वी ते कोठून आले, हे रोझेनबर्ग यांनी विचारले, आणि असंख्य घरांतील दिवे तेवत राहिले.