भुसावळची काँट्रा आणि २६.६०१७१२

तर मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा येडा आहे. लिनक्सवर एम्युलेटर टाकून काँट्रा लावली की ती फार जोरात पळते. तशी चालते नीट, चित्र स्वच्छ, आवाज कुठे तुटत नाही. पण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही खेळायचो ती ही नव्हे. दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तो पहिल्या मिनिटातच म्हणाला, "अरे, याच्यामागे कुत्रं लागलंय का?"

लिनक्सवाल्याचा पहिला संशय कायम आवाजावर. (ज्यांनी पल्सऑडिओचे सुरुवातीचे दिवस काढलेत त्यांना कारण सांगायला नको.) बरेच एम्युलेटर आपला वेग साउंड कार्डच्या वेगाला बांधून ठेवतात. कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने खातंय आणि प्रोग्राम ४४,१०० धरून बसलाय, असं झालं तर खेळ आणि सूर दोन्ही सरकतात. इथे दोन्हीकडे ४८,००० होते. मग मॉनिटर. तो १४४ हर्ट्झचा, पण फ्रेम मोजणारा काउंटर शांतपणे ६०.१ दाखवत होता. राहिला फाइलचा हेडर. हा १६ बाइटचा हेडर मरात फैझुलिन यांच्या १९९६ च्या आयनेस एम्युलेटरपासून चालत आलाय. पुढे एका युटिलिटीने त्याच्या रिकाम्या जागेत 'डिस्कड्यूड!' अशी स्वतःची सही ठोकून ठेवली. शून्यापासून मोजलं तर सातव्या बाइटमध्ये त्या सहीचा 'डी' पडतो, त्यामुळे कॅसेटच्या सर्किटचा नंबर ६४ ने वाढतो आणि चांगला खेळ चालूच होत नाही. सही करायची हौस किती महाग पडावी! पण हेक्सडंपमध्ये आमचा हेडर स्वच्छ निघाला.

म्हणजे लिनक्स बरोबर, एम्युलेटर बरोबर, फाइल बरोबर. आणि दादाही बरोबर. मग प्रश्न उरतो तो असा, की आपल्याकडचा तो डबा नेमका होता काय?

निन्टेन्डोने फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आणला. तिथला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढणारा. आपल्याकडे ५०, कारण टीव्हीचा तो आकडा मुळात विजेच्या वारंवारतेवरून ठरला आणि आपली वीज ५० हर्ट्झची. भुसावळकराला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. शेजारी दीपनगरला टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, त्याला ६० ने भागा. (त्या दीपनगरच्या सावलीत राहून आम्ही लोडशेडिंग भोगलं, आणि शेवटच्या बॉसपाशी पोचलं की हमखास लाइट जायची. असो.) १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेही पाल पद्धतीचं, ६२५ रेषा, ५० हर्ट्झ.

घराघरात पोचले ते सामुराई, लिटल मास्टर, मीडिया आणि असंख्य बिननावाचे डबे, म्हणजे फॅमिकॉमच्या नकला. यातल्या बऱ्याच नकलांचा मेंदू तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपांवर बेतलेला, नंतरच्या डब्यांत तर सगळं एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली. 'नकली माल' म्हणून आपण तो विषय संपवतो. मला मात्र त्यातलं डोकं नकली वाटत नाही.

बघा, यूएमसीसमोरची अडचण काय होती. कॅसेट जपानी, ६० च्या हिशेबाने लिहिलेल्या. टीव्ही ५० चा. निन्टेन्डोने युरोपसाठी वेगळं पाल मशीन काढलं, त्यात २६.६०१७१२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १६ ने भागून प्रोसेसर चालवला, म्हणजे १.६६ मेगाहर्ट्झ. जपानी प्रोसेसर १.७९ चा. त्यामुळे जपानी कॅसेट युरोपच्या मशीनवर लावली तर खेळ हळू होतोच, वर सूरही उतरतो, अर्ध्या स्वराहून जास्त. पेटीवर काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्याही खाली जावं तसा. तैवानवाल्यांनी तोच क्रिस्टल घेतला आणि १५ ने भागला. आले १.७७. सूर जेमतेम एक टक्का खाली, कानाला कळतही नाही.

खरी करामत पुढे आहे. जपानी चित्रात २६२ रेषा, आपल्याकडे ३१२. या जादा ५० रेषांचं करायचं काय? युरोपच्या मशीनमध्ये चित्र संपल्यासंपल्या प्रोग्रामला इशारा जातो आणि तो सगळा वेळ त्याच्या पदरात पडतो. नकलेत चित्र संपलं की आधी ५० रेषा नुसत्या जाऊ द्यायच्या आणि मग इशारा द्यायचा. प्रोग्रामला वाटतं आपण जपानमध्येच आहोत. एका रेषेमागे प्रोसेसरचे ठोकेही जपानइतकेच, ११३ आणि दोन तृतीयांश. युरोपात ते १०६.५६. वरची गुणांची पट्टी स्थिर ठेवून खाली चित्र सरकवणारे खेळ अशाच हिशेबांवर उभे असतात. एम्युलेटर पालवर टाकला की त्यातल्या काहींची पट्टी थरथरते. आपल्या डब्यात ती थरथरत नव्हती. शिवाय प्रत्येक फ्रेममागे प्रोसेसरला जास्त वेळ मिळायचा, त्यामुळे शत्रूंची गर्दी झाल्यावर खेळ अडखळायचा तोही कमी.

थोडक्यात, वेग सुमारे १७ टक्के कमी आणि सूर जवळपास तोच. दादाच्या कानात वीस वर्षं बसलंय ते हे.

एम्युलेटरच्या मेन्यूत याची सोय आहे. एनटीएससी, पाल आणि तिसरं नाव 'डेंडी'. डेंडी म्हणजे स्टीपलर कंपनीने १९९२ च्या अखेरीस रशियात आणलेला असाच तैवानी डबा. (चिन्ह कोणतं, तर हत्ती! रशियात!) आज फाइलच्या नव्या, एनईएस २.० हेडरमध्येही या जातीला स्वतःचा आकडा आहे, बाराव्या बाइटमध्ये ३. डबे आपल्याकडेही गल्लोगल्ली होते, पण मेन्यूत नाव रशियाचं लागलं. मला यात रशियाचा हेवा वाटत नाही, आपल्या आळसाचा राग येतो. आपण डबे दिले भंगारात.

दिवाळीत भुसावळला गेलो तेव्हा माळ्यावरचा आमचा डबा उघडला. क्रिस्टलवर २६.६०१ छापलेलं होतं. डेंडीवर टाकल्यावर वेग जुळला, तरी सुरांचा पोत वेगळा लागत होता, जरा नाकातला. बऱ्याच नकलांमध्ये ध्वनीच्या चौकोनी लहरींचे २५ आणि ५० टक्के हे दोन आकार अदलाबदल झालेले असतात. एम्युलेटरमध्ये त्यासाठीही एक टिक आहे. ती मारल्यावर जुळलं.

पण हा एकच डबा झाला. तुमच्या माळ्यावर असेल तर चार स्क्रू काढा (आधी अडॅप्टर काढा, बरं का), क्रिस्टलवरचा आकडा, पाटीवरचे अक्षर-अंक आणि डब्यावरचं नाव लिहून मला कळवा. लिटल मास्टर असेल तर आधी.