सोमवारची डोकेदुखी

नायट्रेट हे हृदयविकारावरचे औषध शरीराच्या अंगवळणी पडते आणि मग लागू पडेनासे होते, हे स्फोटकांच्या कारखान्यांतले कामगार डॉक्टरांच्या आधीपासून सोसत होते. १८४७ मध्ये तुरिनच्या अस्कानिओ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन हे नायट्रेट तयार केले, तेव्हाच ते जिभेला किंचित लागले तरी डोके ठणकते, अशी नोंद त्याने केली. १८६७ मध्ये नोबेलने त्यापासून बनणाऱ्या डायनामाइटचे पेटंट घेतले आणि कारखाने उभे राहिले. तिथे हे द्रव्य कातडीतून आणि श्वासातून अंगात जाई. नव्या कामगाराचे डोके पहिले काही दिवस फुटायला येई, मग दुखणे थांबे. पण सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून काही जण रविवारीही टोपीच्या आतल्या पट्टीला थोडे नायट्रोग्लिसरीन लावून ठेवीत. सवय काही दिवसांत जडते आणि थोड्या खंडाने मोडते, हा औषधशास्त्राचा धडा त्या टोपीत होता.

डोकेदुखी आणि हृदयविकार यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण ही डोकेदुखी आणि हृदयविकारात मिळणारा आराम, दोन्हींच्या मुळाशी नायट्रेटने होणारे रक्तवाहिन्यांचे सैलावणेच आहे. विल्यम मरेलने १८७९ मध्ये छातीतल्या कळांवर नायट्रोग्लिसरीन सुचवले आणि १८८८ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने रुग्णालाही त्याची सवय होते हे नोंदवले. तरीही १९८०च्या दशकात चोवीस तास त्वचेवर लावून ठेवायचे नायट्रोग्लिसरीनचे पॅच बाजारात आले आणि दिवस सरण्याआधीच त्यांचा गुण ओसरू लागला. त्यानंतरच रोज दहा-बारा तासांचा खंड रूढ झाला. कामगारांच्या अनुभवाला पुराव्याचा मान वेळीच मिळाला असता, तर हा वळसा टळला असता, असे माझे ठाम मत आहे.

मात्र खंडालाही धोका आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अशाच कामगारांची नोंद प्रसिद्ध झाली: हृदयाच्या धमन्यांत फारसा अडथळा नसतानाही सुट्टीच्या दिवशी त्यांच्या छातीत कळा येत. हृदय कमकुवत झालेल्यांच्या बाबतीत पेच आणखी वाढतो, कारण अनेकांना रात्री आडवे पडल्यावरच धाप लागते. अशांचा खंड दिवसा ठेवावा लागतो. काहींना आयसोसॉर्बाइड या नायट्रेटबरोबर हायड्रॅलझीन हे दुसरे औषध देतात. २००४ मध्ये आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन रुग्णांवरील चाचणीत या जोडीने मृत्यू घटले; हायड्रॅलझीन सवयीलाही आवर घालते, असे मानण्यास आधार आहे. म्हणून नायट्रेट घेणाऱ्यांनी मधला खंड आपल्या मनाने वाढवू नये, की गाळूही नये. धाप कोणत्या वेळी लागते ते डॉक्टरांना नेमके सांगावे.