हातातले हत्यार

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा शाळेच्या आठवणींवरच लिहावे असे वाटत होते. पण गुरुजींच्या छड्या, गणपतीच्या देवळापुढचे खेळ, पावसात वहाणा हातात घेऊन बांधावरून येणे, हे सगळे आपल्यापैकी कुणीतरी माझ्यापेक्षा चांगले लिहील. माझा जन्म कारखान्यात गेला. १९८१ ला दहावी झालो, दोन वर्षांनी ठाण्याला अप्रेंटिस म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत यंत्रांशीच बोललो. म्हणून यंत्रांचाच थोडा इतिहास सांगतो. त्यात आपल्या वर्गातला एक मित्र आहे. आपण सगळे त्याला ओळखता, पण नाव लिहू नकोस असे त्याने बजावले आहे.

आपल्या कर्जत तालुक्यात शेती करायची तर हातात कोयता आलाच. भातरोपासाठी राब भाजायचा म्हणजे आधी ऐन-किंजळाच्या झाडावर चढून कवळ तोडायची. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटलेले पाणी राजनाल्याने शिवारात खेळू लागले, उन्हाळी भात होऊ लागले, पण राबाची कवळ आणि चुलीचे जळण यांपासून कुणाची सुटका झाली नाही. आमचा हा मित्र त्या कामात सगळ्यांच्या पुढे असे. नववीत असताना त्याच्याइतक्या झपाट्याने कवळ तोडणारा गावात दुसरा नव्हता.

पुढे त्याला रात्रीचे दिसेनासे झाले. मग दिवसाही बाजूचे दिसेना. नळीतून पाहावे तेवढेच समोरचे दिसे, तेही हळूहळू गेले. डोळ्यांच्या पडद्याचा हा आजार घराण्यातून येतो आणि त्याला चष्मा चालत नाही. १९९६ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर आलो होतो. तो चाचपडत झाडाखाली उभा होता, हातात कोयता. मी पुढे होऊन तो काढून घेतला आणि म्हणालो, "अरे, तू बस. आम्ही आहोत ना." तो काही बोलला नाही. ओटीवर जाऊन बसला, तो पुढची चोवीस वर्षे बसला.

हे मी केले, आणि मलाच करायला नको होते. कारण त्याच्या दहा वर्षे आधी मी काही वेगळे पाहिले होते.

१९८६ साली आमच्या कारखान्यातले काही सुटे भाग भोके पाडण्यासाठी बाहेर दिले जात. ते पोहोचवायला मी मुंबईतल्या अंधांच्या एका कार्यशाळेत गेलो. ड्रिलिंग मशीनवर बसलेल्या माणसाला अजिबात दिसत नव्हते आणि त्याचा हात माझ्यापेक्षा जलद चालत होता. मी जवळ जाऊन पाहिले. मशीनच्या टेबलावर एक लोखंडी साचा बोल्टने घट्ट बसवलेला होता. भाग त्यात एकाच बाजूने बसे, उलटा घातला तर बसतच नसे. ड्रिलभोवती जाळी होती. डाव्या हाताने भाग बसवायचा, दांडा दाबायचा, भाग उजवीकडच्या खोक्यात टाकायचा. बोट ड्रिलखाली जायला वाटच ठेवली नव्हती. उलट आमच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर ज्यांची बोटे गेली, त्या सगळ्यांना चांगले दिसत होते.

ही मांडणी एका दिवसात आली नव्हती. आपल्या देशात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच आजची दादरची अंधशाळा. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली आणि १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा व वसतिगृह सुरू झाले. त्या काळी अशा शाळांतून अक्षरओळख, संगीत, वेताच्या खुर्च्या विणणे आणि विणकाम शिकवीत. त्याने पोट भरण्याची सोय झाली, पण आंधळ्याने धारदार किंवा फिरत्या वस्तूजवळ जाऊ नये हा समज तसाच राहिला.

तो मोडायला दोन महायुद्धे लागली. १९१५ मध्ये लंडनला आर्थर पिअर्सन यांनी युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. पिअर्सन मोठे वृत्तपत्रमालक होते आणि त्यांची स्वतःची दृष्टी गेलेली होती. तिथे तरण्या सैनिकांना सुतारकाम, कोंबडीपालन, टेलिफोन चालवणे असे उद्योग शिकवले गेले. त्यांतलेच एक क्लूथा मॅकेन्झी. न्यूझीलंडचा हा सैनिक १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाला होता. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात आले आणि १९४३ मध्ये डेहराडूनला भारतीय अंध सैनिकांसाठी त्याच नावाचे प्रशिक्षणगृह उभे राहिले. त्यातूनच १९५० मध्ये प्रौढ अंधांचे सरकारी प्रशिक्षण केंद्र झाले. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी ठरली. आणि १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपण 'नॅब' म्हणतो ती संस्था स्थापन झाली.

मुंबई गिरण्या-कारखान्यांचे शहर. त्यामुळे इथे अंधांना यंत्रावर बसवण्याचा विचार लवकर रुजला. जोगेश्वरीला बनाजी इंडस्ट्रियल होम, 'नॅब'ची कार्यशाळा, अशा ठिकाणी माणसे तयार होऊ लागली. आपण ज्यांना क्रिकेटसाठी ओळखतो त्या विजय मर्चंट यांनी अपंगांना काम मिळावे म्हणून कित्येक वर्षे मालकांचे उंबरे झिजवले. खेड्यातल्या अंधाचे काय, हा प्रश्न 'नॅब'चे कॅप्टन एच. जे. एम. देसाई यांनी धरून ठेवला. आपल्या पालघर जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, गुजरातच्या उंबरगाव तालुक्यात फणसा इथे १९६० साली टाटांच्या नावाने अंधांसाठी शेती प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. नांगर, विळा, गाई-म्हशी, कोंबड्या, सगळे तिथे हाताने शिकवले जाई.

म्हणजे आमच्या मित्राची दृष्टी जात होती तेव्हा असे केंद्र सुरू होऊन तीस-पस्तीस वर्षे झाली होती. आपल्या डोक्यावरच्या घाटात, खंडाळ्याला, वृद्ध अंधांसाठी घर आहे हे गावात कुणाकुणाला माहीत होते. शेतकऱ्याला पुन्हा शेतात उभे करणारे केंद्र आहे, हे कुणालाच माहीत नव्हते. मी मात्र ती कार्यशाळा डोळ्यांनी पाहिलेली होती. आणखी एक गोष्ट आता बोचते. अपंग व्यक्तींना समान संधी देणारा १९९५ चा कायदा लागू झाला तो ७ फेब्रुवारी १९९६ ला. त्यानंतर तीन महिन्यांनी मी त्याच्या हातातला कोयता काढून घेतला.

आता चेन सॉकडे येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्या वाऱ्यात मित्राच्या परसातला आंबा आडवा झाला. कर्जतहून दोघे जण पेट्रोलची करवत घेऊन आले. मी लॉकडाऊनमुळे गावीच होतो. मित्र ओटीवर बसून तासभर नुसता आवाज ऐकत होता. मग म्हणाला, "लाकडात शिरली की आवाज बसतो, पार झाली की चढतो. मला चालवता येईल ही." सगळे हसले. या खेपेला मी हसलो नाही.

साखळीची करवत मुळात लाकडासाठी जन्मलीच नाही. १८३० च्या सुमाराला बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हाड कापण्यासाठी हाताने फिरवायची साखळी-करवत बनवली. लाकडासाठी आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेची आणि १९२९ मध्ये पेट्रोलची करवत काढली. तिच्यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे उसळी. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की करवत क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे फिरते. साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते, तेव्हा डोळस माणसालाही उसळी पाहून हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून १९७० च्या दशकात पुढच्या मुठीपाशी साखळी-ब्रेक आला. उसळी आली की मनगटाच्या धक्क्याने किंवा झटक्यानेच साखळी थांबते.

हे समजल्यावर मला कार्यशाळेतला तो ड्रिलवाला आठवला. या करवतीला दोन मुठी आहेत आणि दोन्ही हात मुठींवर असतील तर बोट साखळीपर्यंत पोहोचतच नाही. साध्या करवतीत एक हात लाकडावर, पात्याच्या शेजारी असतो. म्हणजे प्रश्न दिसण्याचा कमी आणि मांडणीचा जास्त होता.

आम्ही ती मांडणी करायला सहा महिने घेतले. पेट्रोलची करवत नको असे ठरवले, कारण तिच्या आवाजाला कान झाकावेच लागतात आणि आजूबाजूचे काही कळत नाही. बारा इंची पट्टीची, चार्जिंगची करवत आणली. खटका सोडला की ती थांबते. कान तिलाही झाकायचे, पण काप किती गेला ते तळहाताला कळते. पट्टीच्या टोकावर टोपण बसवले, म्हणजे टोक कशाला लागायचा प्रश्नच मिटला. परसात घोडी पक्की रोवली. ओंडका तिच्यावर दोराने आवळायचा आणि कापायचा भाग घोडीच्या बाहेर ठेवायचा. मापासाठी खाचा पाडलेली काठी. कापायच्या जागी आधी साध्या आरीने बोटभर खाच पाडायची, मग करवतीचा बुडखा लाकडाला टेकवून त्या खाचेत उतरायचे.

पहिले दोन महिने बॅटरी काढून ठेवली होती. बंद करवत हातात घेऊन उभे राहणे, पाय कुठे, कोपर कुठे, डाव्या अंगठ्याने मूठ कशी वेढायची, काप पुरा झाला की वजन एकदम खाली येते ते कसे झेलायचे, एवढेच. चालू करवत घेऊन एक पाऊलही टाकायचे नाही. लाकूड चाचपायचे ते बॅटरी काढल्यावरच. घरातले कुणीतरी दहा हात लांब, समोरच्या बाजूला थांबते. काही सांगायचे असेल तर दोरी ओढून घंटा वाजवायची, पाठीमागून येऊन अंगाला हात लावायचा नाही. कोंबड्या, पोरे, कुत्रा आधी आत.

मांड्यांवर जाड संरक्षक कापड, पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा. चष्म्याला तो आधी नाही म्हणाला. "मला काय करायचाय?" मी त्याला सांगितले की १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात उडणाऱ्या कणांपासून कामगाराचे डोळे राखण्याचे ३५ वे कलम आहे, आणि त्या डोळ्यांना दिसते का असे त्यात कुठेही विचारलेले नाही. तो खूप हसला. त्या दिवसापासून चष्मा लावतो.

काही गोष्टी तो करत नाही, आणि तो नियम त्याचाच. उभे झाड तोडत नाही. ते कुठे कलते, वर सुकी फांदी अडकली आहे का, हे हाताला कळत नाही. शिवाय झाड तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. वादळात वाकून पडलेल्या खोडाला हात लावत नाही, कारण त्यातला ताण सुटला की ते कुणीकडे उडेल सांगता येत नाही. एकटा असताना करवत काढत नाही. आणि मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी तर नाहीच. हे नियम डोळस माणसांनी पाळले तरी पुष्कळ अपघात टळतील.

गेली काही वर्षे घरचे जळण तोच फोडतो. मागच्या पावसाळ्याआधी शेजारच्या दोन घरांचेही त्याने करून दिले आणि मजुरी रोख मोजून घेतली. नोटा हाताने ओळखल्या. पैशापेक्षा मला ते मोजणे पाहून बरे वाटले.

मेळाव्याच्या दिवशी तो येणार आहे. त्याला खुर्चीत बसवून चहा हातात देण्याची घाई कुणी करू नका. मंडपाच्या कामात त्याचा वाटा आधीच ठरला आहे. आणि एक विनंती. आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाला संध्याकाळी अडखळताना पाहिलेत, तर त्याच्या घरी जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. दृष्टी वाचली तर उत्तमच. नाही वाचली तर कुठे शिकता येते तेही सांगा, कारण २०१६ च्या नव्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दृष्टिहीन व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी एक टक्का जागा राखल्या आहेत आणि त्या जागा घ्यायला आधी शिकलेली माणसे लागतात.

तो १९९६ चा कोयता माझ्या घरी माळ्यावर होता. मागच्या दिवाळीत धार लावून मी तो त्याला परत नेऊन दिला. त्याने अंगठा आडवा धरून धार पाहिली आणि म्हणाला, "बोथट आहे रे. तुला धार लावता येत नाही अजून." मग स्वतःच सहाणेवर बसला.