एकोणचाळीस मिनिटं मागे

बी.कॉम.च्या अभ्यासात ‘घसारा’ नावाचं एक प्रकरण असतं. वस्तू वापरली की झिजते, दरवर्षी तिची किंमत थोडी कमी धरायची आणि एक दिवस वहीत तिच्यापुढे शून्य मांडून मोकळं व्हायचं, असं त्याचं सार. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या कारकुनाला हे प्रकरण पुस्तक न उघडताच पटतं. तो आरशात बघतो आणि त्याला पटतं. फक्त आमच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ काही या हिशेबात बसेना.

आजोबा लालबागला गिरणीत जॉबर होते. त्यांचं घड्याळ चांगलं कचोरीएवढं जाडजूड, पाठीवर रेल्वेच्या इंजिनाचं चित्र आणि तबकडीवर ‘रोस्कोफ’ हे नाव. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या रेशनकार्डांच्या शेजारी, ते कित्येक वर्षं बंद पडून होतं. मी ते एका घड्याळजीकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि लगेच मिटलं.

“साहेब, हे हमालाचं घड्याळ. दुरुस्तीच्या पैशात नवीन दोन येतील.”

मला राग आला. रागाच्या भरात माणसं निवडणुकीला उभी राहतात. मी घड्याळाचं सामान विकत घेतलं. बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, भिंग आणि तेलाची एक बाटली. ही बाटली इतकी चिमुकली, की तिच्या भावाने खोबरेल घ्यायचं तर सगळं घर टक्कल करून बसेल. सोबत वाचनही सुरू केलं. वाचता वाचता लक्षात आलं, की घड्याळजीने शिवी दिली नव्हती, इतिहास सांगितला होता.

खिशातलं घड्याळ ही कित्येक पिढ्या श्रीमंतांची मिजास होती. गरिबाने वेळ विचारायची ती देवळाच्या घंटेला, चर्चच्या मनोऱ्याला नाहीतर मालकाला. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफ या गृहस्थाला हे खुपलं. जन्म १८१३चा, जर्मनीतला. धंदा स्वित्झर्लंडमध्ये, ला-शो-द-फॉन या घड्याळांच्या गावी. त्याने आधी किंमत ठरवली, वीस फ्रँक, आणि मग त्या किमतीत बसेल असं घड्याळ रचायला घेतलं. कॉमर्सच्या माणसाने इथे हात जोडावेत. किंमत ठरली की काटछाट आलीच. माणकांचे खडे गेले, त्यांच्या जागी पोलादाच्या दोन साध्या टाचण्या आल्या. मधलं चाक गेलं आणि त्या रिकाम्या जागेत स्प्रिंगची डबी ऐसपैस मोठी झाली. एकूण भाग उरले सत्तावन्न. गावातले कारागीर त्याला हसले. पण १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात या घड्याळाला कांस्यपदक मिळालं. त्याचं नावच होतं ‘श्रमिकांचं घड्याळ’. म्हणजे हमालाचंच!

स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदा झाला १८८८ साली. दुसऱ्याच वर्षी रोस्कोफ वारला. तोवर त्याच्या रचनेची नक्कल करणारे मोप झाले होते, आणि पुढे त्याचं नाव म्हणजे एका घड्याळाचं नाव न राहता सगळ्या भावकीचं आडनाव झालं. आमचं घड्याळ त्याच भावकीतलं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर पांढरी थाळी ठेवून मी ते उघडायला बसायचा. पहिला नियम असा, की आत स्प्रिंग ताणलेली असेल तर ती आधी हळूहळू सोडायची. नाहीतर चाकं भणभणत सुटतात. मग एकेक चाक काढायचं, पेट्रोलमध्ये बुडवायचं, मऊ ब्रशने पुसायचं आणि प्रत्येक भोक टोकदार काडीने साफ करायचं. पूर्वीचं तेल घट्ट होऊन त्याचा डिंक झाला होता. मोडलेलं असं काहीच नव्हतं; सगळं नुसतं तुंबलं होतं. हे निदान आमच्या ऑफिसातल्या निम्म्या फायलींना लागू पडेल. तेल मात्र सुईच्या टोकावर मावेल एवढंच. “फोडणीला लागतं तेवढंसुद्धा नाही?” सौ.ने विचारलं. नाही, तेवढंसुद्धा नाही.

सहाव्या रविवारी ते चाललं. रोस्कोफची टिकटिक नाजूक नसते. आतल्या खोलीतली गॅलरीत ऐकू येते. वडील ऐंशीचे, कानाने मंद. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, बराच वेळ तसंच धरलं आणि म्हणाले,

“चाललं. आता एकोणचाळीस मिनिटं मागे लाव.”

आता या एकोणचाळीस मिनिटांची हकीकत अशी. मुंबईची आपली वेळ होती, सूर्य डोक्यावर आला की बारा. ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. १८८१ साली सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली. लोकांनी दाद दिली नाही आणि १८८३ साली हुकूम मागे घ्यावा लागला. मग १९०६ साली आली स्टँडर्ड वेळ, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईकराची एकोणचाळीस मिनिटं एका रात्रीत गेली. गिरण्यांतले कामगार खवळले. सूर्य तोच आणि कामावर यायचं मात्र आधी! आगगाड्या नव्या वेळेवर धावू लागल्या, मुंबईच्या नगरपालिकेने जुनी वेळ धरून ठेवली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ सरकारने घड्याळं आणखी एक तास पुढे रेटली. देश स्वतंत्र झाला तेव्हाही शहरातला हा घड्याळांचा वाद पुरता मिटलेला नव्हता.

“तात्या गिरणीत भोंग्यावर जायचे,” वडील सांगू लागले. “खाडा नाही की उशीर नाही. पण घड्याळ मुंबई टायमावर. लोक हसायचे. तात्या म्हणायचे, भोंगा मालकाचा आहे, घड्याळ मी माझ्या पगारातून घेतलंय.”

रोस्कोफला एवढंच तर हवं होतं. स्वतःचं घड्याळ नसलेला माणूस दुसऱ्याने सांगितलेली वेळ मुकाट्याने मानतो. घड्याळ खिशात आलं, की वेळेबद्दल त्याचं स्वतःचं मत होतं. आजोबांनी त्या मतासाठी संप केला नाही, भाषण केलं नाही. फक्त रोज रात्री चावी दिली. मला बँकेच्या दारात बोटाचा ठसा द्यावा लागतो. त्या यंत्राशी वाद घालायला खिसाच नाही.

ते घड्याळ आता वडिलांच्या उशाशी असतं. दिवसाला चारपाच मिनिटं पुढे जातं. वडील ती रोज मागे घेतात आणि यात त्यांची सकाळ चांगली जाते. घरात चहा साडेसहाला होतो. कुणाच्या साडेसहाला, एवढं सौ. आदल्या रात्रीच विचारून ठेवते.